‘मी आले’ आणि ‘मी आली’

नागपूर मी पंचवीसेक वेळा तरी पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी खिडकीतून. नवरा सात वर्षं भिलाईला होता. त्या सात वर्षांतलं माझं नागपूर म्हणजे फलाटावरचा नळ, संत्र्यांची जाळीची पिशवी घेऊन डब्याबरोबर पळणारा माणूस आणि ‘इथे गाडी किती वेळ थांबते हो?’ हा प्रश्न. पिशवीतली वरची संत्री गोड निघायची, खालची आंबट. या शहराबद्दलचं माझं मत त्या खालच्या संत्र्यांवर बेतलेलं होतं, हे आता कबूल करून टाकते.

गेल्या डिसेंबरात मात्र मी तिथे उतरले. सात तासांसाठी.

आम्ही चौघी एका बँकेच्या एकाच शाखेत अठरा वर्षं शेजारीशेजारी बसलो. दोघी आता निवृत्त, दोघी त्या वाटेवर. नावं लिहिलेली त्यांना चालणार नाहीत, म्हणून शाखेतल्या हुद्द्यांनीच लिहिते: हेडकॅशियर, लॉकरबाई आणि नागपूरकरीण. चौथी मी. पेंचला तीन दिवस होतो. वाघ दिसला नाही. गवे दिसले, रानकुत्री दिसली आणि पुढच्या जिप्सीतल्या मंडळींना वाघ दिसला, एवढं सांगून तो विषय संपवते.

परतीची पुण्याची गाडी नागपूरहून संध्याकाळी सहाच्या सुमाराला होती, आणि खोली सकाळीच सोडायची होती. मधल्या वेळाचं काय करायचं यावर आदल्या रात्री शेकोटीपाशी चर्चा झाली. लॉकरबाईंचं म्हणणं, वेटिंगरूममध्ये पाय पसरून बसू. हेडकॅशियर म्हणाली, मला दीक्षाभूमीला जायचंय, तुम्ही कुणी आला नाहीत तरी मी जाणार. नागपूरकरीण काहीच बोलली नाही. ही बाई महालात जन्मली, महालात वाढली, चोविसाव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला आली. आई-वडील गेले, भाऊ बंगळुरूला, घर विकून बारा वर्षं झाली. ‘आता तिथे माझं कोणी नाही गं,’ एवढंच म्हणाली, अगदी खातं बंद झाल्यासारखं. तिचं मराठी इतकं घोटीव आहे, की काउंटरवर येणारे आजोबा तिला ‘तुम्ही सदाशिव पेठेतल्या का?’ असं विचारायचे. ती नुसती हसायची.

सकाळी निघालो. जंगलातून जाणारा हा हायवे जागोजागी उंच उचललेला आहे, खालून जनावरांनी जायचं आणि वरून आपण. मनसर गेलं, कन्हानचा पूल आला. कामठीपासून ती सीटच्या कडेला येऊन बसली आणि दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागली. लहान मूल नव्याने वाचायला शिकलं की करतं, तसं.

स्टेशनवर क्लोकरूमला सामान ठेवायला गेलो तर नियम असा, की प्रत्येक बॅगेला कुलूप हवं. तिघींच्या बॅगांना होतं. लॉकरबाईंच्या नव्हतं. बारा वर्षं जिने अख्ख्या शाखेचे लॉकर सांभाळले, मॅनेजरलाही किल्लीशिवाय आत सोडलं नाही, ती बाई तीन दिवस जंगलात बिनकुलपाची बॅग घेऊन फिरत होती! हेडकॅशियर बाकावर बसून हसली. शेवटी संत्रा मार्केटच्या बाजूला जाऊन कुलूप आणलं. त्यात अर्धा तास गेला.

मग रिक्षा. रिक्षावाल्याने कस्तुरचंद पार्कपर्यंतचा जो आकडा सांगितला, तो ऐकून मी नेहमीप्रमाणे पर्स उघडली. मागून आवाज आला:

‘काऊन भाऊ, इतके कायचे? केपी काय कामठीला गेलं का? मी इथलीच आहे, महालातली. दोन दिवस पाहुणी म्हणून नाही आली.’

मी वळून पाहिलं. खरंच वळून पाहिलं, कोण बोललं ते बघायला. रिक्षावाला म्हणाला, ‘ताई, अधिवेशन सुरू आहे ना, सारे रस्ते बंद करून ठेवले. फिरून जा लागते.’ ‘फिरून जा ना मग, आम्ही कुठे नाही म्हणून राहिलो?’ पाच मिनिटांत भाव निम्म्यावर आला. अठरा वर्षांत मी तिच्या तोंडून ‘काऊन’ ऐकलं नव्हतं. ‘मी आली’सुद्धा नाही. पुण्यात बाई ‘आले’, ‘गेले’, ‘जेवले’. नागपुरात ती ‘आली’, ‘गेली’, ‘जेवली’. व्याकरणाच्या दृष्टीने बघाल तर हेच जास्त सरळ आहे, पण हे मी पुण्यात म्हणणार नाही.

डिसेंबरात नागपूर दुसऱ्या कुणाचं तरी असतं, असं ती म्हणाली. १९५६पर्यंत हे आधी मध्य प्रांताच्या आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचं शहर. मग विदर्भ मुंबईकडे गेला, आणि १९५३च्या नागपूर करारात ठरल्याप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन दर वर्षी इथे भरतं. म्हणजे तेवढ्यापुरता मुंबईचा सगळा संसार उचलून इथे येतो: गाड्या, फायली, पोलीस आणि मोर्चे. आम्हाला वाटेत तीन मोर्चे लागले. तिसऱ्यातल्या बायकांनी आम्हाला त्यांच्यातल्याच समजून पाण्याच्या बाटल्या दिल्या. आम्ही घेतल्या. मागण्या रास्त वाटल्या.

तर्री पोहे. यावर थोडं थांबते, कारण पुण्यात ‘नागपुरी पोहे’ म्हणून जे मिळतं त्यावर माझा आता राग आहे. पोहे आपलेच, पिवळे, कांदा घातलेले. पण त्यावर हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात, भरपूर, पोहे पार बुडेपर्यंत. वरून कच्चा कांदा आणि शेव. पहिला घास मऊ लागतो, दुसऱ्याला कान तापतात. गाडीवाल्याने विचारलं, ‘वरून सांबार टाकू का?’ लॉकरबाई घाबरून म्हणाल्या, ‘नको नको, रस्साच एवढा आहे, त्यात आणि सांबार कुठे!’ गाडीवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपूरकरीण हसत म्हणाली की, लग्नानंतर पुण्यात पहिल्याच आठवड्यात तिने सासूबाईंना ‘भाजीत सांबार टाकू का?’ असं विचारलं होतं आणि त्यांनी शांतपणे ‘आमच्याकडे इडलीबरोबर करतात’ असं सांगितलं होतं. त्या दिवशी तिने मनातल्या मनात एक यादी केली म्हणे. सांबारची कोथिंबीर, आलूचा बटाटा, गंजाचं पातेलं, फल्लीचे दाणे. महिनाभरात सगळं बदलून टाकलं. ‘परीक्षाच होती ना ती,’ म्हणाली, आणि गाडीवाल्याकडे वळून, ‘भाऊ, तर्री टाका ना अजून थोडी.’

तिथून झिरो माइल चालत. दगडी खांब, आणि जवळ उधळलेले चार घोडे. इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातली ही खूण, १९०७ची. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. फुटाचा हजारावा भाग मोजणाऱ्या माणसांबद्दल मला, जन्मभर पैशापैशाचा ताळा जमवलेल्या बाईला, भलताच आदर वाटला. खांबावर गावांची नावं आणि मैल कोरलेत. हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, शिवनी ७९. आम्ही सकाळी त्या शिवनीच्याच रस्त्याने आलो होतो. हा देशाचा मध्य, असं सगळे सांगतात. फाळणीनंतरच्या नकाशावर मध्य बराच उत्तरेला, मध्य प्रदेशात सरकतो, असं मी वाचलेलं होतं आणि ते बोलूनही दाखवलं. नागपूरकरीण म्हणाली, ‘सरकू दे. खांब तर नाही ना सरकला?’ मग खांबाभोवती एक पूर्ण चक्कर मारून अतिशय समाधानाने म्हणाली, ‘बघ, पुण्याचं नाव कुठेच नाही.’

झिरो माइलच्या स्टेशनवरून मेट्रो पकडली. नागपूरच्या मेट्रोच्या दोन रेघा आहेत, उत्तर-दक्षिण नारिंगी आणि पूर्व-पश्चिम ॲक्वा. दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. सीताबर्डीला तिथे नुसतं बर्डी म्हणतात. बर्डीला गाडी बदलायला उतरलो तर ती काचेपाशी उभी राहून खाली बघत होती. ‘हा मुंजे चौक? नाही शक्य.’ मग म्हणाली, ‘इथून मी कॉलेजची बस पकडायची. वरून कधी पाहिलंच नाही ना.’ समोर टेकडीवरचा किल्ला दिसत होता. १८१७च्या नोव्हेंबरात भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली ती ही जागा. आता तिथे लष्कर आहे आणि लोकांना वर्षातून मोजके दिवसच आत सोडतात. शाळेत असताना पंधरा ऑगस्टला नवे बूट घालून ती वर गेली होती, आणि तिला लढाईपेक्षा बूट लागल्याचं जास्त आठवतं.

चितार ओळीला उतरलो. ही मूर्तिकारांची गल्ली. डिसेंबरात शांत होती, बिनडोक्याचे गवताचे सांगाडे भिंतीला टेकून उभे होते. तिथून ती आम्हाला पुढे घालून भरभर चालायला लागली आणि दोनदा चुकली. तिसऱ्यांदा बडकस चौकापर्यंत मागे आली, डोळे मिटून उभी राहिली, हाताने हवेत डावं-उजवं केलं आणि मग बरोबर गल्लीत शिरली. घर नव्हतंच. ते तिला ठाऊक होतं. चार मजली इमारत होती, खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान, बाहेर प्लास्टिकची दोन स्टुलं.

मला वाटलं, ती आता काही बोलेल. दुकानातल्या मुलाला सांगेल, की अरे, इथे आमचं घर होतं. ती स्टुलावर बसली आणि त्याला म्हणाली, ‘स्क्रीनगार्ड बदलून मिळेल का?’

तिच्या स्क्रीनगार्डला काहीही झालेलं नव्हतं. मी पेंचमध्ये तीन दिवस त्याच फोनवर फोटो पाहत होते. मुलाने जुना काढला, काच पुसली, ओलं फडकं, कोरडं फडकं, धूळ उचलायची ती चिकटपट्टी. दहा-बारा मिनिटं लागली. तेवढा वेळ ती वरखाली बघत बसली होती. एकदा तिने चप्पल काढून पाय जमिनीवर टेकवला आणि परत घातला. मुलाने सहज विचारलं, ‘कुठल्या तुम्ही ताई?’

‘आम्ही पुण्याच्या,’ ती म्हणाली. शुद्ध, घोटीव. ‘किती झाले?’

सकाळपासून रिक्षावाला, पोहेवाला, मेट्रोतला सुरक्षारक्षक अशा दिसेल त्याला तिने ‘मी महालातली’ असं सांगितलं होतं. महालात मात्र नाही. मी त्यावर काही विचारलं नाही. आमच्यात तशी पद्धतही नाही. हेडकॅशियरने मुकाट्याने पैसे दिले आणि वहीत ‘किरकोळ’ या सदराखाली लिहिले.

गल्लीतून बाहेर पडल्यावर ती पुन्हा बोलायला लागली, ती मारबतीवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबती निघतात, या भागातूनच. सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी ज्याचा ज्याचा राग आला त्याचे पुतळे: महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे. काळी मारबत ही इंग्रजांना सामील झाली म्हणून बदनाम झालेल्या बांकाबाई भोसलेची, असं सांगतात. शंभराहून जास्त वर्षं लोक दर साल तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. आमच्या शाखेत एवढा राग कुणी एका तिमाहीपलीकडे टिकवला नाही. भर रस्त्यात तिने आरोळी करून दाखवली: ‘इडा, पीडा, रोगराई, घेऊन जाऽऽ गे मारबत!’ एक सायकलवाला थांबला आणि म्हणाला, ‘काकू, पोळा गेला.’

जेवायला सावजी. हे खाणं हलबा कोष्टी समाजाच्या घरचं. नागपूर विणकरांचं गाव. १ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल इथेच सुरू केली. सावजी मसाल्यात दगडफूल, खसखस, सुंठ, मिरी, आणखी काय काय, सगळं काळपट होईस्तोवर भाजलेलं. जुन्या घरांतून जवसाच्या तेलात करत. रस्सा ताटात आला तेव्हा त्यावर बोटभर तर्री होती. मटण मला आणि हेडकॅशियरला, लॉकरबाईंना पाटवडी. ‘थोडं कमी तिखट नाही का मिळणार?’ त्यांनी विचारलं. वाढणारा पोरगा समजुतीच्या स्वरात म्हणाला, ‘कमी तिखट नाही होत काकू. कमी खा.’ त्यांनी कमी खाल्लं नाही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण भाकरी मोडणं चालू. नंतर बाहेर येऊन उसाचा रस प्यायल्या, दोन ग्लास, आणि म्हणाल्या, वेटिंगरूममध्ये हे मिळालं नसतं.

दीक्षाभूमीला पोहोचायला तीन वाजून गेले. आतला स्तूप पोकळ आहे. सांचीची आठवण यावी असा घुमट, पण आत सबंध रिकामी, गार जागा, पावलं आपोआप हळू पडतात. २००१च्या डिसेंबरात तो खुला झाला. हेडकॅशियर आधी तिकडे गेलीच नाही. बाहेर बावीस प्रतिज्ञा कोरलेला स्तंभ आहे, तिथे उभी राहून तिने पहिलीपासून बाविसावीपर्यंत ओळ न ओळ वाचली, ओठ हलवत. मग बोधिवृक्षाखाली येऊन बसली आणि स्वतःहून सांगितलं. तिची आजी १४ ऑक्टोबर १९५६ला इथे होती, सतरा वर्षांची. मूर्तिजापूरकडच्या खेड्यातून निघालेली, अंगावर शेजारणीचं उसनं पांढरं लुगडं, फडक्यात भाकरी. बाबासाहेब तिला नीट दिसलेही नव्हते, इतकी गर्दी. आवाज ऐकला, आणि सगळ्यांबरोबर म्हणाली. परत गेल्यावर लुगडं धुऊन परत दिलं, त्याची चुटपूट तिला मरेपर्यंत होती. ‘ठेवून घ्यायला हवं होतं, म्हणायची.’ अठरा वर्षं आम्ही एकमेकींचे डबे खाल्ले, आणि हे मला माहीत नव्हतं. आम्ही नागपूरला वेळ काढायला उतरलो होतो. ती आलीच होती इथे.

परतीच्या वाटेवर घाई झाली. रस्ते बंद, रिक्षा फिरून फिरून. संत्र्यांसाठी जेमतेम दहा मिनिटं उरली. मी सवयीप्रमाणे गुळगुळीत, चकचकीत, घट्ट सालीची निवडायला लागले तर नागपूरकरणीने हातावर चापट मारली. ‘सालीवर नको जाऊ. ढिली साल बघ. दाबली की आत हवा लागली पाहिजे. हे चकचकीत तर तुमच्याकडे पंजाबचं किन्नू येते ना, तसं दिसते.’ म्हणजे पुण्यात इतकी वर्षं मी नागपुरी म्हणून किन्नू सोलत होते की काय! डिसेंबर म्हणजे आंबिया बहाराची अखेर, ढीग तसे विरळच होते. तिने प्रत्येक फळ हातात घेऊन, दाबून, वास घेऊन दोन डझन काढली. संत्राबर्फीचे चार डबे हेडकॅशियरने आधीच घेऊन ठेवले होते, समान वाटणीचे.

गाडीत बसल्यावर लॉकरबाईंनी पैज लावली, की नागपूरकरणीचं ‘राहिली-राहिली’ कोणत्या स्टेशनला उतरणार? मी म्हटलं बडनेरा. हेडकॅशियर म्हणाली, अकोला तरी जाईल. वर्ध्याला नवऱ्याचा फोन आला आणि ती म्हणाली, ‘हो, बसले गाडीत. जेवले. उद्या सकाळी पोचतेच.’ बसले, जेवले, पोचते. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. पैज कुणीच जिंकलं नव्हतं. पुलगावपर्यंत संत्री सोलली. गोड होती, वरची आणि खालचीही. मग दिवे गेले.

सकाळी दौंडला जाग आली. ती खिडकीशी बसून नव्या स्क्रीनगार्डवरचा एक बारीक फुगा नखाने कडेला सरकवत होती. चहावाला आला.

‘दोन चहा द्या हो,’ ती म्हणाली.

‘मले नको,’ मी म्हटलं.

तिने वर पाहिलंही नाही. ‘तुले नको तं राहू दे. मले दोन.’